देवरिया तालाची फेरी: मुले आणि वडीलधारी माणसे सोबत असताना

उत्तराखंडातील गढवालमध्ये, उखीमठहून चोपत्याकडे जाताना लागणाऱ्या डोंगररांगेवर, सुमारे २४०० मीटर उंचीवर देवरिया ताल नावाचे एक लहानसे तळे आहे. पायथ्याच्या सारी गावातून वर जाणारी वाट जेमतेम अडीच-तीन किलोमीटरांची आहे आणि चढ साधारण ४०० मीटरांचा आहे. महाराष्ट्रातून तुंगनाथ मंदिराला आणि त्यावरच्या चंद्रशिळा शिखराला जाणारे अनेक गट हे तळे वाटेवरचे एक ठिकाण म्हणून उरकून घेतात: धापा टाकत वर यायचे, पहिल्या काठावर उभे राहून छायाचित्रे काढायची आणि अर्ध्या तासात खाली उतरायचे. आम्हीही पहिल्या खेपेस नेमके तेच केले होते. सकाळी चोपत्याहून निघून, रेंगाळत सारीला येऊन, अकरा वाजता चढायला लागलो आणि दीडच्या सुमारास तळ्यावर पोहोचलो, तेव्हा समोर शिखरे नव्हती, पांढरा पडदा होता, आणि पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. खाली गाडीवाला खोळंबलेला असल्यामुळे वीस मिनिटांत परत फिरलो.

दुसऱ्या खेपेस सोबत अडुसष्ट वर्षांची आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा भाचा होता. त्या वेळी सारीत दोन रात्री राहिलो, पहाटे उठलो आणि तळ्याभोवती सावकाश दोन फेऱ्या मारल्या. कुटुंबासाठी या सहलीचे मोल तळ्याभोवतीच्या फेरीत आहे, आणि चढण ही त्या फेरीपर्यंत सर्वांना ताजेतवाने पोहोचवण्याची सोय आहे, असे त्या सकाळपासून माझे मत झाले आहे. पुढील सगळे नियोजन याच मतावर आधारलेले आहे.

कुणाला जमेल, कुणी विचार करावा

पुण्याच्या वाचकांना सांगायचे तर, आतकरवाडीहून पायवाटेने सिंहगड चढताना आपण साधारण ६०० मीटर उंची गाठतो; देवरिया तालाची चढण त्याच्या दोन तृतीयांश आहे, आणि वाट बहुतांशी दगडांनी बांधून काढलेली आहे. फरक हवेचा आहे. २४०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासासोबत मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. घरी दोन जिने सहज चढणाऱ्या माणसालाही येथे पहिल्या वळणावरच दम लागतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. उंचीचा खरा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे, हा साधारणपणे २५०० मीटरांच्या वर सुरू होतो, म्हणून हे तळे कुटुंबाच्या पहिल्या हिमालयीन पदभ्रमणासाठी मला योग्य वाटते.

सहा-सात वर्षांचे मूल ही वाट स्वतःच्या पायांनी चढते. त्याहून लहान मुलाला कुणीतरी पाठीवर घ्यावे लागेल, आणि त्या माणसाकडे दुसरे सामान देऊ नये. ज्येष्ठांच्या बाबतीत मी वयापेक्षा गुडघे आणि छाती पाहते. हृदयविकार, दमा किंवा औषधानेही आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चढण तितकीशी अवघड नाही, उतार अवघड आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तयारी म्हणून महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस घरातल्या सगळ्यांनी मिळून पाऊण तास चालावे आणि रविवारी जवळची टेकडी चढावी. आईला आम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवर नेत होतो. त्यातून तिच्या पायांना सवय झाली हे खरे, पण त्याहून मोठा फायदा असा झाला की तिची चाल आम्हाला कळली: ती किती वेळ न थांबता चढते, कुठे थांबते, थांबल्यावर तिला पाणी हवे असते की नुसता निवांतपणा. सारीच्या वाटेवर आम्हाला तिला एकदाही ‘दमलीस का’ असे विचारावे लागले नाही.

कधी जावे

शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडील कुटुंबांना दोनच काळ सोयीचे असतात, मे महिना आणि दिवाळी. त्यांपैकी मी दिवाळी निवडेन. मे-जूनमध्ये चारधाम यात्रेची गर्दी ऐन भरात असते, ऋषिकेश ते रुद्रप्रयाग रस्त्यावर तासन्‌तास खोळंबा होऊ शकतो, आणि उन्हाळी धुरकटपणामुळे शिखरे अनेकदा दिसतच नाहीत. पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. त्यातही एक हिशेब आपल्या पंचांगाशी जुळतो: केदारनाथाचे दरवाजे भाऊबिजेला हिवाळ्यासाठी बंद होतात आणि देवाची डोली मुक्काम करत उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते, कारण तेच केदारनाथाचे हिवाळी स्थान आहे. भाऊबीज घरी साजरी करून निघालेल्या कुटुंबाला त्यामुळे रस्ता बराच मोकळा मिळतो.

ज्यांना सुट्टीचे बंधन नाही त्यांनी मार्च-एप्रिलचाही विचार करावा, कारण त्या वेळी बुरांस फुलतो. बुरांस हे इथले लाल फुलांचे झाड. त्याच्या फुलांचे सरबत गावोगावी विकायला असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत बर्फ पडते, वाट निसरडी होते आणि रात्री फार थंड असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन या रस्त्यांवर येऊच नये. त्या महिन्यांत दरडी कोसळून रस्ते दिवस-दिवस बंद राहतात आणि जंगलात जळवा असतात.

सारीपर्यंतचा प्रवास

रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, अथवा विमानाने देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ, येथपर्यंत आपापल्या सोयीने यावे आणि पहिली रात्र ऋषिकेशला काढावी. ऋषिकेश ते सारी अंतर साधारण १८० ते १९० किलोमीटर आहे. नकाशावर ते किरकोळ वाटते, पण घाटरस्त्यामुळे सात ते नऊ तास सहज लागतात. देवप्रयाग, श्रीनगर (काश्मीरचे नव्हे, गढवालमधले), रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, कुंड, उखीमठ असा हा क्रम आहे. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळून गंगा होते, आणि रुद्रप्रयागला मंदाकिनी अलकनंदेला येऊन मिळते. तेथून पुढचा रस्ता मंदाकिनीच्या काठाने जातो. देवप्रयागला गाडीतून उतरून दोन रंगांचे पाणी एकत्र वाहताना मुलांना दाखवावे, कारण त्यानंतर भूगोलाच्या पुस्तकातला ‘संगम’ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ऋषिकेशहून सकाळी सहाच्या आत निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी सारीत असावे, हा नियम मी कधीही मोडणार नाही. डोंगरातला अनोळखी रस्ता, दमलेला चालक आणि अंधार या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ देण्याइतकी कोणतीही सहल महत्त्वाची नसते. ज्यांना एका दिवसात एवढा प्रवास झेपणार नाही त्यांनी रुद्रप्रयागच्या आसपास एक मुक्काम करावा. रोख रक्कमही रुद्रप्रयागलाच काढून घ्यावी, कारण पुढे मोबाइलला रेंज नसेल तर ऑनलाइन पैसे देता येत नाहीत.

गाडी लागण्याचा त्रास हा या प्रवासातला सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि मुलांची पुढच्या दिवसाची ताकद तोच खाऊन टाकतो. निघताना पोट रिकामेही नसावे आणि गच्चही नसावे. एखादी भाकरी किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू पुरतात. तेलकट पराठे आणि दुधाचा चहा दुपारच्या थांब्यासाठी ठेवावेत. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या जागेवर बसवावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि मोबाइल काढून घ्यावा. गोळी द्यायची असेल तर ती उलटी झाल्यावर देऊन उपयोग नसतो, म्हणून डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा विचारून घेऊन प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी.

सारीतील मुक्काम आणि आदल्या दिवसाची तयारी

सारी हे पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचे छोटे गाव असून तेथे अनेक घरांनी प्रवाशांसाठी खोल्या काढल्या आहेत. राहणे साधे असते, गरम पाणी बादलीतून मिळते, आणि जेवण घरचे असते. मंडुव्याची भाकरी मागावी. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. आईने पहिला घास घेतला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. पुढचा अर्धा तास भाकरी थापायची की लाटायची, यावर त्या घरच्या भाभींशी तिची हिंदी-मराठी चर्चा चालली होती.

तळ्याकाठी तंबूत राहण्याचा मोह अनेकांना होतो. माझे म्हणणे असे की कुटुंबाने सारीतच राहावे. या भागात केदारनाथ वन्यजीव अभयारण्य आहे, आणि २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. तंबूंच्या दाटीने तळ्याकाठच्या गवताची आणि पाण्याची जी दशा होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळे कारण सांगावे लागणार नाही. शिवाय रात्री दोन वाजता एखाद्या मुलाला ताप आला, तर सारीतून रस्ता हाताशी असतो. अडचणीच्या वेळी ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच वर न जाता निदान संध्याकाळपर्यंत गावातच रेंगाळावे, शेतांतून अर्धा तास फिरावे आणि शरीराला उंचीची ओळख होऊ द्यावी. हा दिवस हाताशी नसेल तर पोहोचल्या संध्याकाळी निदान गावातून एक फेरफटका मारावा. त्याच वेळी उद्याची पिशवी भरावी.

कपड्यांचे तीन थर असावेत: अंगालगत लवकर वाळणारा बनियन किंवा टी-शर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. अंगालगतचा कपडा सुती नसावा, कारण घामाने भिजलेला सुती कपडा वर थांबल्यावर गारठतो आणि मुलाला हुडहुडी तिथूनच भरते. कानटोपी, हातमोजे आणि सुक्या मोज्यांचा एक जादा जोड प्रत्येकासाठी घ्यावा. ऊन येथे सौम्य वाटले तरी ते त्वचा भाजून काढते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन विसरू नये.

बूट नवे नसावेत. निदान पन्नास-साठ किलोमीटर चाललेले आणि तळाला खाचा शाबूत असलेले बूट हवेत. आदल्या रात्री सगळ्यांच्या पायांची नखे कापावीत. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु उतारावर वाढलेले नख बुटाच्या टोकाला आपटून काळेनिळे होते आणि मग उरलेली सहल चपलेत काढावी लागते.

खाण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि थोडे खारे काहीतरी घ्यावे. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन दिवस मऊ राहते आणि थंड खाल्ली तरी घशाखाली उतरते, म्हणूनच आपल्याकडे ती प्रवासाची शिदोरी झाली. प्रत्येकी एक लिटर पाणी, एक थर्मास गरम पाण्याचा, ओआरएसची दोन पाकिटे, पट्टी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधे आणि कचरा परत आणण्यासाठी एक घट्ट पिशवी, एवढे सामान पुरे. मोठ्या पिशव्या खोलीवरच ठेवाव्यात. कुणाला सामानासाठी किंवा बसून जाण्यासाठी खेचर हवे असेल तर आदल्या संध्याकाळीच घरमालकाकडे शब्द टाकावा आणि दर ठरवून घ्यावा.

चढण

नोव्हेंबरच्या सुरुवातीला येथे सूर्योदय सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास होतो. मुले बरोबर असताना अंधारात निघण्याचे कारण नाही, कारण या जंगलात बिबळे आणि अस्वले आहेत. दिसू लागले की, म्हणजे सहाच्या सुमारास, निघावे. दोन ते अडीच तासांचा वेळ धरला तर साडेआठपर्यंत तळे गाठता येते, आणि पाणी शांत असण्याची वेळ तीच असते. निघण्यापूर्वी गरम पेज, दलिया किंवा भाकरी-गूळ असे काही पोटात असावे. नुसत्या चहावर चढू नये.

वाट गावातूनच सुरू होते आणि फलक लावलेले आहेत. सुरुवातीचा भाग घरांमधून व शेतांमधून जातो, आणि थोड्याच वेळात ओंकार रत्नेश्वर महादेवाचे दगडी देऊळ लागते. पहिला थांबा येथे घ्यावा, दमलो नसलो तरी घ्यावा, कारण वीस-पंचवीस मिनिटे चालून अंग तापलेले असते आणि वरचा एक थर काढायची ही योग्य वेळ असते. घाम येऊ लागल्यावर जाकीट काढणे म्हणजे उशीर झालेला असतो.

देवळानंतर चढ जरा उभा होतो. येथे चालण्याची रीत महत्त्वाची आहे. सर्वांत पुढे सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला ठेवावे, आणि सर्वांत मागे एक जाणते माणूस असावे. मुले पुढे पळतात, दमतात, बसतात आणि मग उठत नाहीत. आजी पुढे असेल तर हा प्रकारच होत नाही. पावले लहान टाकावीत आणि बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजावे. अर्ध्या तासाला पाच मिनिटांची विश्रांती पुरते. त्याहून जास्त बसले तर पाय गार पडतात.

मुलांना चालते ठेवण्यासाठी आम्हाला या तळ्याच्याच कथेचा आधार मिळाला. वनवासातले पांडव तहानेने व्याकूळ होऊन ज्या सरोवरावर आले आणि जिथे यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले, ते सरोवर हेच, अशी या भागातली श्रद्धा आहे. आपण रोजच्या बोलण्यात ‘यक्षप्रश्न’ हा शब्द वापरतो, पण मुलांना मूळ प्रश्न सहसा ठाऊक नसतात. प्रत्येक वळणावर एक प्रश्न, आणि उत्तर पुढच्या वळणावर, असा खेळ आम्ही मांडला. पृथ्वीहून जड काय? आकाशाहून उंच काय? वाऱ्याहून वेगवान काय? गवताहून अधिक काय? महाभारतातली उत्तरे माता, पिता, मन आणि चिंता अशी आहेत. भाच्याने वाऱ्याहून वेगवान म्हणून ‘वंदे भारत’ सांगितले, आणि त्यावर पुढची दोन वळणे कशी संपली ते कळले नाही.

वर जाता जाता मागे वळून पाहावे. सारीची शेते खाली लहान होत जातात आणि पलीकडे तुंगनाथ-चंद्रशिळेची धार वर येते. वाटेवर हंगामात चहा-मॅगीची लहान दुकाने असतात, पण त्यांच्या भरवशावर शिदोरी कमी करू नये. पुढे बांज (हिमालयातला ओक) आणि बुरांसाचे जंगल सुरू होते, चढ सौम्य होतो, आणि मग वन विभागाची चौकी लागते. तेथे प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि ती उतरेपर्यंत जपून ठेवावी.

तळ्याभोवतीची फेरी

तळे मोठे नाही. भराभर चालले तर दहा मिनिटांत फेरी संपेल, आणि म्हणूनच ती भराभर चालू नये. आल्याबरोबर आधी बसावे, घामाचा कपडा बदलून कोरडा घालावा, जाकीट चढवावे, गरम पाणी प्यावे. हा पाच मिनिटांचा खटाटोप टाळणारे लोकच वीस मिनिटांनी थंडीने कुडकुडत ‘चला’ म्हणू लागतात.

दिशा समजून घेतल्या की पाहण्याची मजा वाढते. केदारनाथ शिखर (६९४० मीटर) साधारण उत्तरेला आणि चौखंबा (७१३८ मीटर) ईशान्येला आहे. चौखंबा सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर लांब असूनही तळ्याच्या पलीकडच्या झाडांमागे उभा असल्यासारखा दिसतो. त्याचे प्रतिबिंब पाहायचे तर समोरच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या काठावर जावे. पाणी सकाळीच का शांत असते, हे मुलांना तेथेच सांगावे. रात्रभर थंड झालेली जड हवा दरीत साचून असते आणि वारा पडलेला असतो. ऊन वर आले की डोंगरउतार तापतात, दरीतली हवा उताराने वर चढू लागते, तिच्याने पाण्यावर लहरी उठतात, आणि तिनेच वर नेलेल्या बाष्पाचे पुढे ढग होतात. दुपारी येणाऱ्याला प्रतिबिंब आणि शिखर ही दोन्ही एकाच वेळी गमावावी लागतात, त्याचे कारण हे आहे.

आम्ही बसलो होतो तेव्हा भाच्याने, कुणी काही म्हणायच्या आत, एक खडा पाण्यात टाकला. चौखंबाचे चारही खांब आधी वाकले, मग त्यांचे तुकडे झाले आणि शेवटी नुसती पांढरी-निळी सळसळ उरली. तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला. त्याला म्हटले, आता मोजत बस. तो मोठ्याने मोजत राहिला. तीसच्या पुढे कडा दिसू लागली, साठला खांब वेगळे झाले, आणि ऐंशीच्या आसपास शिखर जागेवर आले. त्यानंतर त्याने खडा उचलला नाही, आणि दुसऱ्या एका मुलाने उचलला तेव्हा हाच त्याला थांबवायला गेला.

प्रतिबिंब पाहून झाले की फेरीला निघावे. तळे उजव्या हाताला ठेवावे; देवळाला प्रदक्षिणा घालतो तशीच ही फेरी होते, आणि गावकरी या पाण्याला पवित्र मानतात म्हणून ते उचितही आहे. पाण्यात उतरणे, हातपाय धुणे, बाटल्या विसळणे, हे काहीही करू नये, आणि हे पाणी पिऊही नये. आमच्या मुलीने तर पाण्याला हात लावायचेही नाकारले. यक्षाची परवानगी घेतलेली नाही, असे तिचे म्हणणे होते.

नैर्ऋत्येकडून निघून पश्चिमेच्या काठाने उत्तरेला गेलात की शिखरे पाठीशी किंवा झाडांआड जातात. बहुतेक लोक येथूनच परत फिरतात. मला मात्र हाच भाग सर्वांत आवडतो. डोळे लांबच्या बर्फावरून सुटतात आणि जवळचे दिसू लागते: काठाच्या उथळ पाण्यातले तांबूस-हिरवे शेवाळ, पृष्ठभागावर पाय न बुडवता सरकणारे किडे, ओल्या मातीत उमटलेले खुरांचे ठसे. मुलांना येथे एक काम द्यावे. आमच्या मुलांनी पाच वेगवेगळी पडलेली पाने गोळा करून, ओळखून, पुन्हा तिथेच ठेवली. बांजाचे पान वरून गर्द हिरवे आणि खालून पांढुरके राखाडी असते, त्यामुळे वारा सुटला की सगळे झाडच रंग बदलल्यासारखे दिसते. बुरांसाचे पान लांबट, जाड, आणि फांदीच्या टोकाला झुबक्याने असते. फुले आणि फांद्या तोडू नयेत. पक्ष्यांसाठी दुर्बीण असेल तर ती याच बाजूला काढावी, कारण झाडी जवळ आहे.

पूर्वेच्या काठावर काही ठिकाणी माती ओलसर आणि निसरडी असू शकते. तेथे मुलांना पाण्याच्या कडेपासून दोन हात लांब, मोठ्यांच्या डाव्या बाजूने चालवावे. तळ्याला कठडा आहे असे गृहीत धरू नये, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात या फेरीत सोडू नये.

पहिली फेरी संपली की शिदोरी सोडावी. पाण्यापासून दूर, गवतावर एक चादर अंथरून खावे, आणि खरकट्याचा कणही तेथे ठेवू नये. संत्र्याची साल आपोआप कुजते हा समज उंचावरच्या थंडीत खरा ठरत नाही, ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. माकडे-वानरे आली तर त्यांना काही देऊ नये आणि पिशवी मांडीवर घ्यावी.

खाल्ल्यावर दुसरी फेरी मारावी, आणि ती न बोलता मारावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मुले एवढा वेळ गप्प बसणार नाहीत असे वाटते, पण ‘कुणाला किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात’ असे सांगितले की ती गप्प राहतात. आमच्याकडे सर्वाधिक आवाज आईने मोजले, अकरा.

तळ्याच्या पुढे डोंगराच्या कण्यावरून रोहिणी बुग्याळाकडे आणि तेथून चोपत्याकडे जाणारी वाट आहे. ती पूर्ण दिवसाची, जंगलातली आणि चढ-उतारांची वाट आहे. ‘थोडे पुढे जाऊन बघू’ म्हणून मुलांसह तिच्यावर जाऊ नये.

उतरताना

साडेअकराच्या आत उतरायला लागावे. निघण्याआधी सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधाव्यात: घोट्यापाशी घट्ट आणि बोटांकडे सैल, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि बोटे टोकाला आपटत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी पट्टा आता चढवावा आणि काठी हातात घ्यावी. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवायची, मग त्याच रेषेत पाऊल ठेवायचे, आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. वाटेतले दगड अनेक पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत, आणि दंव किंवा शिंतोडा असेल तर ते काचेसारखे होतात. दगडाच्या मध्यावर पाय न ठेवता दोन दगडांच्या मधल्या मातीत ठेवावा. आईला आम्ही अवघड पायऱ्या तिरक्या, पाऊल आडवे टाकत उतरायला लावले, आणि तिचा हात धरण्याऐवजी तिला आमच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितला, कारण हात धरणारा घसरला तर तो दुसऱ्यालाही ओढतो.

उतरताना मुलांना पळू देऊ नये. घोटा मुरगळण्याचे बहुतेक प्रसंग शेवटच्या अर्ध्या तासात, गाव दिसू लागल्यावर घडतात. देवळापाशी पुन्हा पाच मिनिटे थांबावे आणि पाणी संपवावे. एवढे सगळे सांभाळून आम्ही पावणेदोन तासांत सारीत पोहोचलो. भाभींनी अंगणात गरम पाण्याची बादली भरून ठेवली होती. आईने त्यात मूठभर मीठ टाकले, दोन्ही पाय बुडवले, आणि जेवायला हाक येईपर्यंत ती तिथून उठली नाही.